गुण्या, नळ आणि बादली : कोरियन व्यंजनं हातात बसवताना

कोरियन शिकायची म्हणून मी पहिल्यांदा अक्षरांचा एक रंगीत तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला होता. दूध काढताना रोज दिसायचा. सहा महिन्यांनी मला त्यातली जेमतेम चार अक्षरं येत होती, तीही तक्त्यातल्या जागेवरून ओळखलेली. मग एका रविवारी वही घेऊन बसले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत चौदाच्या चौदा व्यंजनं हाताखालून गेली. त्या दिवशी मी तक्ता पाहत नव्हते. अक्षर काढत होते, आणि काढताना जीभ तोंडात कुठे टेकते तिकडे लक्ष देत होते.

म्हणून या लेखात एकही कोरियन अक्षर छापलेलं सापडणार नाही. मी सांगते तसं ते तुम्ही काढायचं. बरोबर आलं का हे पडताळायला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोरियन कीबोर्ड चालू करून ठेवा. नेहमीच्या मांडणीत सगळी व्यंजनं डाव्या हाताला असतात आणि स्वर उजव्या हाताला, त्यामुळे शोधाशोध फार होत नाही. चौकटीची वही घेतलीत तर उत्तम, पहिलीतल्या गणिताच्या वहीसारखी.

आधी थोडा इतिहास, कारण तो इथे कामाचा आहे

कोरियन लोक पूर्वी चिनी अक्षरांत लिहीत. ती हजारो अक्षरं शिकायला सामान्य माणसाकडे ना वेळ होता ना पैसा. जोसॉन घराण्याचा चौथा राजा सेजोंग याने १४४३ साली नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर झाली. दक्षिण कोरियात दरवर्षी ९ ऑक्टोबरला हांगुल (हे या लिपीचं आजचं नाव) दिन असतो, तो याच्या आठवणीसाठी. तेव्हा अक्षरं २८ होती, आज मूळ अक्षरं २४ मानतात : १४ व्यंजनं आणि १० स्वर.

ही अक्षरं अशीच का दिसतात याबद्दल बराच काळ नुसते तर्क चालायचे. खिडकीच्या लाकडी जाळीवरून आकार सुचले, असंही लोक सांगत. मग १९४० मध्ये १४४६ च्या मूळ स्पष्टीकरण-ग्रंथाची प्रत सापडली आणि उत्तर मिळालं. व्यंजनांचे आकार हे ध्वनी उच्चारताना जीभ, ओठ, दात आणि घसा जसे दिसतात त्यांचीच चित्रं आहेत. शहाणा माणूस ही अक्षरं सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मठ्ठालाही दहा दिवस पुरतील, असं त्याच ग्रंथात म्हटलंय. फ्रिजवरच्या तक्त्याचे सहा महिने आठवून मी ते वाक्य दोनदा वाचलं.

मराठी माणसाला इथे घरबसल्या फायदा आहे. क-वर्ग कंठ्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्याचा पुढे कधी उपयोग होईल असं वाटलेलं नसतं, तो उपयोग हा. योगायोगही म्हणता येत नाही. बौद्ध धर्माबरोबर संस्कृतचं उच्चारशास्त्र चीनमध्ये पोचलं, त्याच्या आधारानं चिनी पंडितांनी आपल्या भाषेतले ध्वनी वर्गांत लावले, आणि सेजोंगने व त्याच्या पंडितांनी तो चिनी अभ्यास कोळून प्यायला होता.

पहिली बैठक : पाच मूळ आकार

डावीकडे तोंड करून बसलेला माणूस डोळ्यासमोर आणा. त्याच्या तोंडाचा उभा छेद घेतलाय, दात डावीकडे, घसा उजवीकडे.

आता तुम्ही 'ग' म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेची मागची बाजू वर उचलून टाळूला टेकलीय. हेच काढायचं : वर डावीकडून उजवीकडे आडवी रेघ, आणि हात न उचलता तिथूनच खाली उभी रेघ. सुताराचा गुण्या. ग गुण्याचा.

'न' म्हणा. जिभेचं टोक पुढे, दातांमागे टेकलं आणि बाकी जीभ खाली आडवी पसरली. वरून खाली उभी रेघ, मग हात न उचलता उजवीकडे आडवी. नळाच्या पाइपाचा कोपरा. न नळाचा.

'म' म्हणताना ओठ मिटतात. त्यासाठी पूर्ण चौकोन. चिनी लिपीत तोंडाचं चिन्हही असंच चौकोनी आहे. म मुखाचा. हा चौकोन एका दमात गोल फिरवून काढू नका, तीन रेघांत काढा : आधी डावी उभी, मग वरची आणि उजवी मिळून एक गुण्या, शेवटी तळ.

'स' दातांतून घासत येतो. त्याचं चित्र दातासारखं : वरून डावीकडे खाली एक तिरकी रेघ, मग तिच्या वरच्या भागातून उजवीकडे खाली दुसरी. तंबूसारखं दिसतं, पण तुम्ही सुळा म्हणून लक्षात ठेवा. स सुळ्याचा.

पाचवं नुसतं वर्तुळ, वरून सुरू करून घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवलेलं. हे घशाचं चित्र. अक्षरगटाच्या (म्हणजे एका चौकटीत एकत्र बसणाऱ्या अक्षरांच्या) सुरुवातीला आलं तर त्याला आवाजच नसतो, स्वराला टेकायला जागा म्हणून ते बसलेलं असतं. गटाच्या शेवटी, तळाशी आलं तर त्याचा उच्चार 'ङ'. आपल्याला हा ङ एकट्यानं म्हणायची सवय नाही, लगेच मागे 'ग' चिकटतो. 'वाङ्मय' म्हणायला सुरुवात करा आणि 'वाङ्'वर थांबा. तेवढाच तो ध्वनी. छापील पुस्तकांतल्या काही टायपांत या वर्तुळाच्या डोक्यावर कुंचल्याचा छोटासा ठिपका दिसतो, तो अक्षराचा भाग नाही. मी त्याला बरेच दिवस वेगळं अक्षर समजत होते.

पाचही प्रत्येकी दहा वेळा, तोंडानं म्हणत काढा. मग चहा घ्या.

दुसरी बैठक : रेघ वाढवा

उरलेली नऊ व्यंजनं याच पाचांतून निघतात. ध्वनी जोरकस झाला की आकारात रेघ वाढते. आपल्याकडे 'क' आणि 'ख' यांच्या आकारांत काही नातं नाही, इथे आहे.

गुण्याच्या पोटात मधोमध एक आडवी रेघ मारा : झाला 'ख'. गुण्याला पाडलेली खाच.

नळाचं घराणं सर्वात मोठं. नळाच्या कोपऱ्यावर एक आडवी रेघ ठेवा (लिहिताना आधी ती वरची रेघ, मग नळ) : उजवी बाजू उघडी असलेला चौकोन, हा 'द'. आडवं पडलेलं दार. त्याच्या मधोमध आणखी एक आडवी रेघ आली की 'थ', इंग्रजी ई सारखा. तीन आडव्या रेघा, तीन थर, थ थराचा. हे तिन्ही दंत्य आहेत हे विसरू नका. मराठी वर्तमानपत्रं कोरियन नावं इंग्रजीवरून घेतात आणि टी-डी दिसला की सर्रास ट-ड करून टाकतात. कोरियनला ट-ड लागत नाहीत, आपला त-वर्गच जवळचा.

याच घराण्यातलं चौथं अक्षर जरा वेगळ्या वळणाचं. कॅल्क्युलेटरवर इंग्रजी दोनचा आकडा जसा काटकोनांत दिसतो, हुबेहूब तसं. तीन भागांत काढायचं : आधी गुण्या, त्याच्या खाली आडवी रेघ, मग नळाचा कोपरा. घाटातला रस्ता. याचा उच्चार दोन स्वरांच्या मध्ये 'र' आणि गटाच्या शेवटी 'ल'. संस्कृतवाले 'रलयोरभेदः' म्हणतात, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे मिळालेलं नाही. 'नारा' म्हणजे देश, 'ताल' म्हणजे चंद्र, आणि दोन्हींत अक्षर हेच.

ओठांकडे या. चौकोनाच्या दोन्ही उभ्या भिंती वर वाढवा आणि वरची रेघ मधोमध खाली आणा. अर्धी भरलेली बादली, ब बादलीचा. आधी दोन्ही उभ्या रेघा, मग पाण्याची रेघ, मग तळ. त्यानंतर 'फ' : वर एक आडवी फळी, खाली एक आडवी फळी, मध्ये दोन खांब, रोमन आकड्यातल्या दोनसारखा. इथे आपल्या जिभेला सांभाळा. हल्ली आपण 'फूल' म्हणतानाही वरचे दात खालच्या ओठावर ठेवतो, इंग्रजी एफसारखे. कोरियनमध्ये तो ध्वनीच नाही. दोन्ही ओठ मिटून हवेसकट उघडायचे, आजी फणस म्हणायची तसा फ. कॉफीसुद्धा तिथे 'खॉपी'च्या वळणानं जाते, आणि तिचा दुसरा ध्वनी हाच ओठांचा फ.

सुळ्यावर आडवं झाकण ठेवलं की 'ज'. या ज साठी मला चांगली आठवण सापडलेली नाही. बैलाच्या मानेवरचं जू म्हणाल तर चित्र जुळतं, पण 'जू' मधला ज हा 'जावई' मधला, आणि कोरियन ज हा 'जीव' मधला. झाकणाच्या डोक्यावर आणखी एक छोटी रेघ आली की 'छ', आणि इथे मात्र आठवण आयती आहे : टोकवाली छत्री. च-छ चंही तेच, तालव्य हवेत. 'चिंच' या शब्दातला पहिला च चालेल, दुसरा चालणार नाही. किमची म्हणून आपण जी खातो तिच्यात हीच छत्री आहे, म्हणजे खरं तर 'किम्छी'.

राहिला 'ह'. वर्तुळ, त्यावर आडवी रेघ, त्यावर छोटी रेघ. हॅट घातलेला माणूस.

सुळ्याबद्दल एक गोष्ट राहिली : पुढे 'ई' आला की स चा 'श' होतो. आपल्याला ते सांगायलाही नको. 'सी' म्हणता म्हणता 'शी' होणं गावाकडे कुणाला नवं नाही.

छ आणि ह वरची छोटी रेघ कुठे उभी दिसेल, कुठे आडवी. ज कुठे दोन रेघांत काढलेला वाटेल, कुठे तीन. टायपाचा फरक आहे, अक्षर तेच. गुण्याची उभी रेघही शेजारी स्वर बसला की डावीकडे झुकते आणि स्वर खाली आला की सरळ राहते.

तिसरी बैठक : एक स्वर उसना घ्या

नुसत्या व्यंजनांनी वाचता येत नाही. स्वरांसाठी वेगळी बैठक लागेल, पण आत्तापुरता एकच घ्या, 'आ' : एक उभी रेघ आणि तिच्या मधोमध उजवीकडे छोटी आडवी रेघ. व्यंजन डावीकडे, हा स्वर उजवीकडे, दोन्ही मिळून एकाच चौकटीत बसवायचे. कोरियन अक्षरं ओळीत एकापुढे एक जात नाहीत, आपल्या जोडाक्षरासारखी गटानं बसतात. एक चौकट म्हणजे एक उच्चार.

कोरियन मुलं याच स्वरावर सगळी व्यंजनं म्हणतात : गा ना दा रा मा बा सा आ जा छा खा था फा हा. ही शब्दकोशाचीही क्रमवारी आहे. परवचा म्हटल्यासारखं चालीवर म्हणा, दोन दिवसांत पाठ होतं.

आता शब्द काढा. पुढचे सगळे याच एका स्वरावर उभे आहेत. ना (मी), नारा (देश), साजा (सिंह), हामा (पाणघोडा), छा (चहा, आणि गाडीसुद्धा), फा (कांद्याची पात), आमा (बहुतेक), आफा (दुखतंय). 'आ'नं सुरू होणाऱ्या शब्दांत पहिल्या चौकटीत ते मुकं वर्तुळ बसवायला विसरू नका. नवशिक्यांची निम्मी पानं तिथेच चुकतात.

क की ग? इथे थांबून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि गंमत म्हणजे मराठी माणसाचा जास्त होतो, कारण आपला कान क आणि ग ला दोन वेगळी माणसं समजतो.

'किम' हे आडनाव आणि सोलमधला 'गंगनम' हा भाग, दोन्ही एकाच अक्षरानं सुरू होतात, गुण्यानं. इंग्रजी स्पेलिंगांनी ती वेगळी केली. बुसान शहराचं इंग्रजी स्पेलिंग २००० सालापर्यंत 'पुसान' होतं. त्या वर्षी दक्षिण कोरियाच्या सरकारनं रोमन लिपीचे नियम बदलले आणि पी चा बी झाला. कोरियन पाटीवरची बादली जागची हलली नाही, लोकांचा उच्चारही नाही.

नियम साधा आहे. गुण्या, द, बादली आणि ज ही चार अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला क, त, प, च कडे झुकतात आणि दोन स्वरांच्या मध्ये आली की ग, द, ब, ज होतात. 'कोगी' म्हणजे मांस : दोन्हीकडे गुण्याच, पण पहिला क सारखा आणि दुसरा ग सारखा. 'पाबो' म्हणजे वेडपट : दोन्ही बादल्या. तुम्ही वर जे 'गा ना दा' म्हटलंत, तेही कोरियन माणसाच्या तोंडून ऐकाल तर पहिलं 'का' वाटेल. तुमचा कान बरोबर आहे.

याच कारणानं अक्षराखाली देवनागरी लिहून ठेवायची सवय दोन दिवसांपुढे नेऊ नका. रोमनपेक्षा देवनागरी खूपच बरी, पण एका गुण्यासाठी क लिहायचा की ग, हा प्रश्न प्रत्येक शब्दात नव्यानं पडतो.

मग ख, थ, फ, छ वेगळे कसे कळतात? तोंडासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा. महाप्राण अक्षराला ती जोरात हलली पाहिजे. सुरुवातीच्या साध्या क-त-प लाही थोडी हवा असते, म्हणून नुसत्या हवेवर विसंबू नका, सूर ऐका. सोलची तरुण मंडळी साधं व्यंजन खालच्या सुरात सुरू करतात आणि महाप्राण वरच्या. हे कळल्यावर माझी ऐकण्यातली निम्मी चुकामूक थांबली. घ, झ, ध, भ तिथे नाहीतच.

पाच जुळी

चौदा झाली की आणखी पाच फुकट मिळतात. गुण्या, द, बादली, सुळा आणि ज यांची शेजारी शेजारी जोडी काढायची, एकाच व्यंजनाच्या जागेत दाटीवाटीनं. कीबोर्डवर ही पाचही वरच्या ओळीत डावीकडे सलग आहेत, शिफ्ट दाबलं की जुळी होतात. उच्चार घट्ट, हवा अजिबात नाही. 'पक्का', 'पत्ता' मधला तो आवळलेला क्षण शब्दाच्या सुरुवातीला आणायचा.

सरावाला 'ताल' घ्या. साधा ताल म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा, घट्ट 'त्ताल' म्हणजे मुलगी. 'सादा' म्हणजे विकत घेणं आणि 'स्सादा' म्हणजे स्वस्त असणं, म्हणजे बाजारात चुकायला भरपूर वाव. पण सगळ्यात सोपा शब्द आपल्याकडे तयारच आहे : वडिलांना कोरियन मूल हाक मारतं 'आप्पा'. जुळी बादली, उच्चार तुमच्या शेजारच्या आप्पांना मारलेल्या हाकेचाच. पावाला म्हणतात 'प्पाङ'. पोर्तुगीजांचा शब्द जपानमार्गे कोरियात गेला आणि थेट गोव्याला उतरून आपल्याकडे 'पाव' झाला. ङ नंतर ग नको, 'वाङ्मय' आठवा.

तळातली व्यंजनं

चौकटीच्या तळाशी व्यंजन आलं की ते पूर्ण उघडत नाही, तोंड बंद होतं तिथेच संपतं. भाताला, जेवणालाही, कोरियनमध्ये म्हणतात 'पाप' : वर बादली, शेजारी आ, तळात पुन्हा बादली. शेवटी ओठ मिटले की मिटलेलेच ठेवा. तळाला सातच ध्वनी ऐकू येतात : क, न, त, ल, म, प, ङ. लिहिताना तिथे सुळा असो की छत्री, ऐकू 'त' येतो. कपड्यांसाठीचा शब्द सुळ्यानं संपतो, पण म्हणायचा 'ओत'. याचे पुढचे नियम बरेच आहेत, पहिल्या आठवड्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

व्यंजनांची नावंही याच युक्तीनं बनलीत. नळाचं नाव 'नीउन', चौकोनाचं 'मीउम' : सुरुवातीलाही तेच अक्षर, शेवटीही तेच. गुण्या, द आणि स यांची नावं मात्र या साच्यात बसत नाहीत. १५२७ साली ही नावं चिनी अक्षरांत लिहून ठेवली गेली, आणि या तिघांच्या शेवटच्या उच्चाराला चिनी अक्षरच नव्हतं. उत्तर कोरियानं पुढे ती सरळ करून घेतली, दक्षिणेनं जुनीच ठेवली.

आठवडाभर काय करायचं

रोज दहा मिनिटं, पण हातानं. पहिले दोन दिवस पाच मूळ आकार, पुढचे दोन दिवस रेघा वाढवून घराणी, मग आ चे शब्द. फोनवर टाइप करून पाहायचंच. कोरियन माणसं चॅटमध्ये हसताना नुसती 'ख'ची रांग लावतात, ख-ख-ख, स्वर न लावता. हॅटवाल्या 'ह'ची रांग म्हणजे जरा सौम्य हसू. मुकी वर्तुळं दोन शेजारी आली तर 'हो हो'. एवढं ओळखू आलं की मालिकेतला फोनचा स्क्रीन पहिल्यांदा वाचता येतो, आणि तो आनंद छोटा नसतो.

मग घरातली, दुकानातली पाकिटं वाचा. माझी भाची पहिल्याच आठवड्यात झणझणीत शिन नूडल्सचं लाल पाकीट घेऊन आली. त्यावरचं ते मोठं काळं अक्षर काही केल्या लागेना, गुण्या नाही, नळ नाही, काहीच नाही. लागणार कसं? ते चिनी अक्षर आहे, 'तिखट' या अर्थाचं. तिला म्हटलं, ते सोड, बाजूची बारीक अक्षरं बघ. तिनं बोट ठेवत ठेवत घाटातला रस्ता शोधला, त्याला टेकलेला आ वाचला, पुढच्या चौकटीत वर मुख आणि तळाशी नळ सापडला. मधला स्वर तिला अजून येत नव्हता. "रा... म... न," म्हणाली, आणि लगेच, "अगं मावशी, राम्यॉन!"